कोलमनची सही

बॅलिनकारा, काऊंटी रॉसकॉमन, आयर्लंड
१२ जानेवारी २०१५

कोलमन,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं. मग खोडलं आणि नवा कागद घेतला. इमेल परत येतात, फोन लागत नाही. दुकानातल्या मुलीने माझा फोन हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, "त्यांनी तुम्हाला ब्लॉक केलंय, बाई." इतक्या हळू आवाजात, की मला काहीतरी न बरं होणारं दुखणं झालंय असं वाटावं. तुझा पत्ता डीलिया आत्याकडच्या नाताळकार्डाच्या पाकिटावर सापडला. आत्या द्यायला तयार नव्हती. ती चहाचं बघायला आत गेली तेव्हा उतरवून घेतला. तिला सांगायचं असेल तर खुशाल सांग.

सोबत एक खत आहे. शेवटच्या पानावर पेन्सिलीने फुली केली आहे, तिथे सही कर. साक्षीदार म्हणून तिथला कुणीही शेजारी चालेल. परतीचं पाकीट घातलं आहे. पत्र लिहायची गरज नाही. माझी चौकशी करायची तर मुळीच नाही.

तुला सगळं माहीत आहे, पण तू विसरल्याचं सोंग आणशील, म्हणून पुन्हा मांडते. पॅकी टुहीच्या नातीने, क्लोडाने, त्यांच्या मागच्या रानात घर बांधायला घेतलं. तिथे गाडीने जायला तुझ्या शेताकडेची पांदण सोडून रस्ता नाही. टुही लोक कितीतरी पिढ्या तिथून गुरं नेत आले. कुणी अडवलं नाही आणि कुणी कागदही केला नाही. पण घरावर कर्ज देणाऱ्या बँकेला कागद लागतो: पांदणीवरून कायमचा जाण्यायेण्याचा हक्क दिला, असं खत, आणि त्यावर मालकाची सही. बाबांनी मृत्युपत्रात शेत आणि पांदण तुला दिली, म्हणून मालक तू.

क्लोडाचा सॉलिसिटर फर्गल बर्न. तोच, कॉलेजात माझ्या वह्या वापरून पास झालेला. त्याने मला विचारलं, "डिम्फ्ना, तुझ्या भावाची सही येईल ना गं?" मी तुला फोन केला, तेव्हा तू अजून उचलत होतास. तू म्हणालास, "पाठव. बघू." मी फर्गलला माझ्या ऑफिसच्या कागदावर हमी लिहून दिली, की कोलमन डर्कन यांच्या सहीचं खत मी आणून देईन. माझ्या हमीवर फर्गलने बँकेला स्वतःची हमी दिली. त्या हमीवर बँकेने कर्जाचे हप्ते सोडायला सुरुवात केली. एकाच खिळ्यावर सगळ्या घराचे ओले कोट टांगावेत तसं झालं आहे, आणि तो खिळा म्हणजे तुझं 'बघू'.

आता बँक फर्गलकडे खत मागते आहे, फर्गल माझ्याकडे, आणि मी न्यूझीलंडच्या नकाशाकडे बघत बसले आहे. शेवटी फर्गलने डब्लिनला आमच्या सॉलिसिटरांच्या संस्थेकडे तक्रार केली. त्याचा राग नाही, त्याची मान बँकेच्या हातात आहे. संस्थेच्या तक्रार विभागातल्या मिस क्विगली यांचं पत्र आलं आहे. फार सभ्य पत्र आहे. एवढं सभ्य पत्र आलं की आमच्या धंद्यातल्या माणसाला जेवण जात नाही. सॉलिसिटरने लिहून दिलेला शब्द पाळला नाही तर संस्था त्याचं वर्षाचं सर्टिफिकेट अडवू शकते, प्रकरण हायकोर्टात नेऊ शकते. सर्टिफिकेट नाही तर ऑफिसला कुलूप. अर्ध्या गावाची मृत्युपत्रं माझ्या तिजोरीत आहेत, ती संस्थेची माणसं गाडीत घालून घेऊन जातील.

दुसरा रस्ता नाही. इंजिनिअर येऊन बघून गेला आहे.

सही कर.

डिम्फ्ना


९ फेब्रुवारी २०१५

कोलमन,

पोस्टाला वेळ लागतो हे मला कळतं, म्हणून आधी राग धरला नाही. आता धरते आहे.

डीलिया आत्याला सगळं कळलं. म्हणजे तू पत्र मिळाल्याबरोबर तिला फोन केलास. तिला फोन करायला तुला वेळ आहे, सही करायला नाही. मी रविवारी चर्चमधल्या मासनंतर तिच्याकडे गेले तर दारातच सुरू झाली.

"आलीस? पाकिटं बाजूला ठेवू का आधी?"

"आत्या, मला पत्ता हवा होता."

"मागायचास."

"मागितला होता. तू म्हणालीस, त्याला एकटं राहू दे."

"मग राहू द्यायचंस ना!"

मग ब्राऊन ब्रेड कापून पुढे ठेवला, लोणी स्वतः लावून दिलं, आणि मला म्हणाली की मी बापावर गेले आहे. मी विचारलं कसं काय. म्हणाली, "परवानगी येण्याआधी शेडचा चौथरा ओतणारा तो, आणि सही येण्याआधी हमी देणारी तू." मी तो ब्रेड पुरा खाल्ला नाही.

खरं सांगायचं तर ती चूक बोलली नाही, म्हणूनच लागलं. डब्लिनला शिकत होते तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या गुरुजींनी फळ्यावर लिहिलं: जे तुमच्या हातात नाही त्याची हमी देऊ नका. अशिलाची नको, बँकेची नको, बायको-नवऱ्याची तर नकोच नको. भावाचं त्यांनी लिहिलं नव्हतं. त्यांना वाटलं असेल एवढं सांगायची गरज नाही.

क्लोडा टुही दुकानात भेटली. तुला ती आठवत असेल तर शाळेच्या गणवेशात, दात पुढे असलेली. आता तिला बाळ होणार आहे. ती आणि नवरा घराशेजारी चाकांवरच्या एका मोबाइल होममध्ये राहतात. घराला छप्पर झालंय, खिडक्या बसल्यात, पण फरशी नाही आणि हीटिंग नाही, कारण खत येईपर्यंत बँकेने शेवटचा हप्ता थांबवला आहे. मोबाइल होमच्या भिंतीला आतून बुरशी येते म्हणाली. माझ्याशी ती नीट बोलली, हेच वाईट. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट दोन देऊन मोकळी झाले असते. जाताना म्हणाली, "कोलमनला माझा नमस्कार कळवा हं." तर हा घे, कळवला.

पेन्सिलीची फुली शेवटच्या पानावर आहे.

डिम्फ्ना


६ मार्च २०१५

कोलमन,

आज माझी काय शोभा झाली ते ऐक. तुला मजा वाटेल.

दरवर्षी संस्था आम्हाला पुन्हा शाळेत बसवते. ठराविक तासांची व्याख्यानं ऐकली नाहीत तर सर्टिफिकेट नाही. मी नेहमी जवळच्या हॉटेलात होणारी गाठते, कारण तिथले चहाबरोबरचे स्कोन चांगले असतात. यंदाच्या व्याख्यानाचा विषय मी आत जाईपर्यंत वाचलाच नव्हता. दारावर फलक: 'हमी: द्यावी कधी, टाळावी कधी'. मागे फिरणार तेवढ्यात सहीच्या टेबलाशी फर्गल उभा. दोघंही एकमेकांना टाळायच्या नादात एकाच रांगेत जाऊन बसलो.

व्याख्याता डब्लिनहून आलेला, माझ्या जुन्या जोड्यांपेक्षा तरुण. म्हणाला, "हमी देण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा. हे मी स्वतः, आज, माझ्या हाताने करू शकतो का?" सगळे मान डोलावत होते. मीही डोलावली. मग म्हणाला, "आणि 'घरचंच काम आहे' म्हणून कधीही हमी देऊ नका. घरच्या माणसांना सॉलिसिटरचं पत्र म्हणजे पत्र वाटतच नाही."

फर्गलला खोकला आला. पाणी प्यायला तरी थांबेना. शेवटी मीच त्याच्या पाठीवर दोन धपके घातले, गरजेपेक्षा जरा जोरात.

चहाच्या वेळी तो माझ्याकडे आला. "डिम्फ्ना, मी तक्रार मागे घेतली असती गं. पण बँक माझ्या बोकांडी बसलीय."

"माहितीय मला."

"पॅकीच्या वेळचं काही भांडण आहे का? कोलमन नुसता हट्टाला पेटलाय की काही कारण आहे?"

"शेडचं," मी म्हटलं.

"कुठली शेड?"

कोलमन, या काऊंटीत दुसऱ्याच्या भांडणाचा एक तपशील न विसरणारा माणूस म्हणून फर्गलची ख्याती, आणि त्याला आपली शेड आठवत नाही. मी त्याला सांगितलं. बाबांनी गुरांसाठी शेड बांधायला काढली, परवानगी येईलच म्हणून चौथरा ओतून घेतला. पॅकी टुहीने काऊंटी कौन्सिलकडे हरकत घेतली, घाण पाणी त्याच्या विहिरीत येईल म्हणून. परवानगी मिळाली नाही. त्या हिवाळ्यात गुरं चिखलात उभी राहिली. तू अठराचा होतास आणि बाबांबरोबर रोज त्या चिखलात होतास. आणि मी, नुकतं सर्टिफिकेट हातात पडलेली, डब्लिनहून आले आणि म्हणाले, अपील करू नका, हराल. अजूनही मला वाटतं तो सल्ला बरोबर होता. त्यानंतर बाबांनी मला कायद्याचा एक प्रश्न विचारला नाही. गाय विकायची असली तरी पावती गावातल्या मास्तरकडून लिहून आणायचे.

फर्गल ऐकून म्हणाला, "मग मरू दे ती शेड! सगळे गेले ना वर?"

हे त्याने स्कोन तोंडात असताना म्हटलं, पण म्हटलं ते खरं. ज्यांनी भांडायचं ते एकाच दफनभूमीत एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर पडले आहेत. बाबांच्या अंत्यविधीला पॅकी आला होता, रांगेत उभा राहून आपल्या दोघांशी हात मिळवून गेला होता. तू हात दिला होतास. मी बघितलं होतं.

मिस क्विगली यांचं आणखी एक पत्र आलं. प्रकरण समितीपुढे जाणार. जूनमध्ये मला डब्लिनला हजर राहायचं आहे. त्याआधी सही आली तर सगळं जागच्या जागी मिटेल.

डिम्फ्ना


१४ एप्रिल २०१५

कोलमन,

तुझं कार्ड मिळालं. वर मेंढ्यांचं चित्र, खाली तुझं अक्षर, आणि पाकिटात कोरंच्या कोरं खत. माझी पेन्सिलीची फुली तशीच आहे, तू खोडायचे कष्टही घेतले नाहीस.

'बाबांना शब्द दिलाय. टुहींना पांदण नाही. मागचं परस तुझं आहे.'

संपलं? एवढ्या वर्षांनी भाऊ लिहितो आणि एवढंच लिहितो?

मी कार्ड घेऊन थेट आत्याकडे गेले. तिने कबूल केलं. हॉस्पिटलातल्या त्या शेवटच्या दिवशी मी यंत्रातून चहा आणायला खाली गेले होते, तेव्हा बाबांनी तुझा हात धरून तुझ्याकडून वदवून घेतलं. आत्या पलंगाच्या पायथ्याशी होती. मी वर आले तेव्हा तुम्ही तिघंही भिंतीकडे बघत होतात. मला वाटलं होतं बाबांना दुखतंय.

मला तुझा राग येतो आहे, पण त्याहून कशाचा येतो ते सांगू? मी या घरातली ती एकटी आहे जिच्या शब्दावर बँक पैसे सोडते. माझा शब्द मोडला तर त्याच्यासाठी डब्लिनला समिती बसते. आणि बाबांना शब्द हवा होता तेव्हा त्यांनी मला चहाला पाठवलं.

अंत्यविधीनंतर स्वयंपाकघरात तू मला म्हणालास, "तू कायम टुहींचीच वकील होतीस." कपबश्या धुणाऱ्या बायकांनी नळ बंद केला होता. मी काही बोलले नाही. आज बोलते. मी बाबांची वकील होते, फुकटची, आणि त्यांनी माझं ऐकलं म्हणून त्यांचं शेत वकिलांच्या घशात गेलं नाही. तेच शेत आज तुझं आहे.

आणि म्हणे, मागचं परस तुझं आहे! हो, आहे. बाबांनी मला घर दिलं आणि घरामागची, टुहींच्या रानाला लागून असलेली पट्टी दिली. त्या पट्टीत काय आहे ते तू विसरला असशील. आईने लावलेलं लाल फुलांच्या फ्यूशियाचं कुंपण आहे. तिची सफरचंदाची झाडं आहेत, दोन पोकळ झाली आहेत, तरी सफरचंदं देतात. तो करंटा चौथरा आहे, त्यावर मी कपडे वाळत घालते. तिथून रस्ता काढला तर टुहींच्या गाड्या माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून जातील. जन्मभर. सकाळचा चहा मी त्यांच्या हेडलाइटमध्ये प्यायचा. तुझ्या पांदणीला मात्र धक्का लागायला नको, जिथे तू पाऊल टाकत नाहीस आणि शेत भाड्याने घेतलेल्या माणसाची मेंढरं चरतात.

शब्द दिलास तू, आणि जमीन द्यायची मी. वा रे न्याय.

पुन्हा खत पाठवत नाही. हे पत्रही पाठवू नये असं वाटतंय. पाठवते आहे, कारण तुला वाटू नये की मला बोलता येत नाही.

डिम्फ्ना


१९ जून २०१५

कोलमन,

काल डब्लिनला जाऊन आले. तू विचारलं नाहीस, तरी सांगते, कारण घरी सांगायला दुसरं कुणी नाही आणि आत्याला ऐकू कमी येतं.

पहाटेच्या बसने गेले. बाबांच्या अंत्यविधीचाच कोट घातला होता. संस्थेची ती दगडी इमारत तू कधी पाहिली नसशील. मला सर्टिफिकेट मिळालं त्या दिवशी आई तिथल्या हिरवळीवर फोटोसाठी उभी होती, नवीन बुटांनी पाय सोलपटले होते तरी हसत होती. काल त्याच हिरवळीवर पदवी घेतलेली पोरं फोटो काढत होती. मी मान खाली घालून बाजूने आत शिरले.

मिस क्विगली पत्रात होत्या तशाच निघाल्या. उंच, सडपातळ, आवाज खाली. मला पाणी आणून दिलं. समितीत चार-पाच सॉलिसिटर आणि दोन बाहेरची माणसं होती. त्यातल्या एक निवृत्त शाळामास्तरीण, मेयो काऊंटीच्या. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "तुम्ही हमी दिलीत तेव्हा भाऊ नक्की काय म्हणाला होता?"

"म्हणाला, पाठव, बघू."

"बघू?"

"बघू."

"अहो बाई," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे 'बघू' म्हणजे 'नाही'. तुमच्याकडे काही वेगळं असतं का?"

सगळं टेबल हसलं. मिस क्विगलींनीसुद्धा खाली बघून कागद सारखे केले. इतकी वर्षं अशिलांना मी हेच सांगत आले आहे, की तोंडी 'बघू' वर काही रचू नका. पण अशिलाचं 'बघू' आणि भावाचं 'बघू' मला वेगळं वाटलं. हे मी त्यांना सांगितलं नाही. तुला सांगते आहे.

मग अध्यक्ष म्हणाले, आणि ते हसत नव्हते, "मिस डर्कन, तुमचा भाऊ सही करणार नाही हे आता स्पष्ट आहे. आम्ही त्याला काही करू शकत नाही, तो सॉलिसिटर नाही. तुम्हाला मात्र करू शकतो. सप्टेंबरपर्यंत हे मिटलं नाही तर आम्हाला पुढे जावं लागेल. तेव्हा सांगा, या प्रकरणात तुमच्या स्वतःच्या हातात काय आहे?"

मी म्हटलं, काही नाही. दुसरा रस्ता नाही, इंजिनिअरने बघितलं आहे.

मास्तरीणबाई म्हणाल्या, "त्याने काय काय बघितलं?"

कोलमन, त्याने पांदण बघितली. मी त्याला पांदणच दाखवली होती. परसाच्या बाजूला मी त्याला नेलंच नाही. तो म्हणाला होता, त्या कुंपणापलीकडे काय आहे, आणि मी म्हणाले, कपडे वाळत घालायची जागा. तेवढ्यावर तो गेला. तुझं कार्ड तर त्याच्या नंतर आलं.

बसमध्ये पूर्ण वेळ मी तुला शिव्या घालत आले. माझ्यासमोर बसलेल्या बाईने जागा बदलली.

डिम्फ्ना


४ ऑक्टोबर २०१५

प्रिय कोलमन,

या खेपेला खोडलं नाही.

रस्ता झाला. बँकेने परसातला रस्ता मान्य केला, खत माझंच होतं, सही माझीच, आणि साक्षीदार म्हणून फर्गलने स्वतः सही केली. त्याने मला माझ्या हमीतून मोकळं केलं. मिस क्विगलींचं शेवटचं पत्र आलं: तक्रार निकाली, प्रकरण बंद, समितीने मला लेखी समज दिली आहे, आणि पुढच्या वर्षी हमी या विषयावरची व्याख्यानं मी जास्तीची ऐकावीत. स्कोन फुकट असतील एवढंच.

आईचं फ्यूशिया गेलं. मी फांद्या तोडून आत्याकडे लावायला नेल्या, जगतील की नाही माहीत नाही. सफरचंदाची पोकळ झाडं पाडताना मी ऑफिसात जाऊन बसले. एका वृद्ध जोडप्याचं मृत्युपत्र समोर होतं आणि मी त्यांना दोनदा विचारलं की मुलं किती. तिसऱ्यांदा विचारणार होते, पण ती आजीबाई माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "बाई, तुम्ही जरा चहा घ्या."

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. संध्याकाळी घरी आले तर खोदाईवाला मशीन बंद करून चौथऱ्यावर उभा. म्हणाला, "हे कुणी ओतलंय हो?"

"माझ्या वडिलांनी. का?"

"रस्त्याला खाली खडी भरणार होतो, तर हाच बरोबर मधोमध आलाय. ह्यावरून सिमेंटचा ट्रक गेला तरी तडा जायचा नाही. फोडून वाया कशाला घालवायचा? रस्ता सरळ ह्याच्यावरूनच नेतो."

म्हणजे बघ. पॅकी टुहीने जी शेड होऊ दिली नाही, तिच्या चौथऱ्यावरून आता त्याची नात घरी जाते. बाबांनी त्यात जेवढं सिमेंट घातलं होतं तेवढं गावातल्या चर्चच्या पायरीतही नसेल. मी तिथे उभी राहून हसले की रडले ते खोदाईवाल्याला विचार. तो तेव्हापासून माझ्याशी जरा जपून बोलतो.

क्लोडा बाळाला घेऊन आली. मुलगी झाली आहे. घरात फरशी बसली, हीटिंग सुरू झालं. येताना तिने केक आणला होता. चौथऱ्यावर पाय आपटून बघत म्हणाली, "इथे काय होतं हो पूर्वी?"

"गुरांची शेड होणार होती."

"मग झाली का नाही?"

मी तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच माहीत नाही, कोलमन. तिच्या घरात कुणी तिला सांगितलंच नाही. आपण ज्याच्यासाठी एकमेकांचं तोंड बघत नाही, ते तिकडे कुणाच्या लक्षातही नाही.

"परवानगी मिळाली नाही," मी म्हटलं.

"अरेरे. कुणी आडवं आलं का?"

"होतं कुणीतरी," मी म्हटलं, आणि बाळाच्या टोपीचे बंद बांधून दिले.

आत्याचं म्हणणं आहे की बाबांनी जाणूनबुजून केलं. पांदणीसाठी तुला शब्दात अडकवलं, आणि परस मला दिलं, शब्द न मागता, कारण मी ते कधीतरी देऊन टाकीन हे त्यांना माहीत होतं. मला हे पटत नाही. बाबांच्या डोक्यात इतकं वळण नव्हतं. त्यांनी मला मोजलंच नाही, एवढंच झालं असावं, असं मी तिला म्हणाले. आत्या म्हणाली, "तुला समजून घ्यायचं नसेल तर नको घेऊस." आम्ही दोघी त्यावर अजून बोलत नाही, म्हणजे बोलतो, पण जेवणाबद्दल.

तुझा शब्द राहिला. माझाही राहिला. झाडं माझी गेली, हे मी तुला आयुष्यभर ऐकवणार आहे, त्यासाठी तू समोर असलेला बरा. सकाळी क्लोडाची गाडी खिडकीखालून जाते, ती हात करते, मी चहाचा कप वर करते. हेडलाइटची सवय होते आहे. होऊ नये असं वाटतं, पण होते.

आत्याचं गुडघ्याचं ऑपरेशन नाताळाआधी आहे. ती घाबरली आहे आणि कबूल करत नाही. काल स्वयंपाकघरात तिने दोन ताटं मांडली आणि तिसरं हातात धरून नुसती उभी राहिली. मग ते परत ठेवलं.

म्हणून विचारते. नाताळाला येशील का? 'हो' लिही किंवा 'नाही' लिही. 'बघू' लिहू नकोस, कोलमन. तू 'बघू' लिहिलंस तर मी आत्याला सांगून बसेन की तू येतो आहेस.

तुझी,
डिम्फ्ना